मुकी प्रयोगशाळा

शास्त्रशिक्षणाविषयीं आपल्याकडे दोन पक्ष आहेत, अशी सामान्य समजूत आहे. एक पक्ष खडूफळ्याचा. शास्त्र म्हणजे व्याख्या, नियम, सूत्रें आणि त्यांवरील उदाहरणें. तीं मास्तरांनीं सांगावीं, मुलांनीं उतरून घ्यावीं आणि परीक्षेंत जशींच्या तशीं परत करावीं, असें त्याचें मत. दुसरा पक्ष कृतीचा. शास्त्र हातांनीं शिकावें. मुलांपुढें भिंगें, चुंबक, तारा आणि परीक्षानळ्या मांडून ठेवाव्या, म्हणजे ज्ञान आपोआप उगवेल, असा त्याचा विश्वास. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून हा दुसरा पक्ष बोलण्यांत तरी विजयी झाला आहे. पहिला पक्ष बोलत नाहीं. तो शाळा चालवितो.

या दोन पक्षांत वरवर पाहतां मोठा विरोध दिसतो. परंतु एका मुद्द्यावर त्यांचें पूर्ण ऐक्य आहे, आणि तो मुद्दा म्हणजे मुलाचें तोंड. पहिल्या पक्षाला मुलाचे कान हवे असतात, दुसऱ्याला हात हवे असतात. जीभ कोणालाच नको असते. एका वर्गांत मूल ऐकून गप्प बसतें, दुसऱ्यांत करून गप्प बसतें. प्रस्तुत लेखाचें म्हणणें असें कीं, शास्त्र हें आपलें मत मांडून, तें दुसऱ्याच्या मतावर घासून आणि दोघांचा निवाडा प्रत्यक्ष वस्तूकडून करवून घेऊन शिकलें जातें. आणि ज्या वर्गांत हें बोलणें नाहीं, त्या वर्गांतला प्रयोग हा प्रयोग नसून एक व्रतवैकल्य आहे. तें यथासांग केल्यानें गुणांचें पुण्य पदरीं पडेल. ज्ञान पडणार नाहीं.

हें म्हणणें कित्येकांस अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून एक उदाहरण घेतों, आणि तें मुद्दामच असें घेतों कीं, कोणासहि आपल्या स्वयंपाकघरांत पडताळून पाहतां यावें. परातींत थोडें पाणी घालावें, मध्यें एक जळती मेणबत्ती उभी करावी आणि तिच्यावर कांचेचा पेला पालथा घालावा. थोड्याच वेळांत ज्योत विझते आणि परातींतील पाणी पेल्यांत वर चढतें. प्रयोग फार जुना आहे; इसवी सनापूर्वींच्या फिलो नांवाच्या ग्रीक यंत्रज्ञानेंहि तो वर्णिलेला आहे. त्याचा जो अर्थ पिढ्यान् पिढ्या शाळेंतून सांगण्यांत आला तो असा: हवेचा सुमारें एकपंचमांश भाग प्राणवायु असतो, तो ज्योतीनें जाळून संपविला, आणि त्याची रिकामी झालेली जागा पाण्यानें घेतली.

आतां कृतिपक्षाच्या वर्गांत काय होईल तें पाहा. चाळीस मुलें दहा पराती घेऊन बसतील, पाणी चढलेलें पाहून आनंदानें ओरडतील, आणि "निष्कर्ष" या मथळ्याखालीं वरील वाक्य वहींत लिहितील. हात चालले, डोळे चालले, प्रयोग "यशस्वी" झाला. आणि मुलें जें शिकलीं तें खोटें शिकलीं. होय, खोटें, कारण हें स्पष्टीकरण जवळजवळ सर्वस्वीं चुकीचें आहे. डोळ्यांपुढें घडलेल्या गोष्टीनेंच तें खोडून काढलें होतें. परंतु डोळ्यांना विचारणारें वर्गांत कोणी नव्हतें.

हाच प्रयोग बोलत्या वर्गांत निराळ्या रीतीनें घडतो. पेला पालथा घालण्याच्या आधीं शिक्षक एकच प्रश्न विचारतो: "पाणी केव्हां चढेल? ज्योत जळत असतांना, कीं विझल्यावर?" एवढ्यानें वर्गाचे दोन तट पडतात. एक मुलगी म्हणते, "प्राणवायु हळूहळू संपणार, तर पाणीहि हळूहळू चढलें पाहिजे." दुसरा म्हणतो, "छे, शेवटीं एकदम चढेल." "कशावरून?" असें शिक्षक दोघांनाहि विचारतो, आणि उत्तर स्वतः देत नाहीं. मग सगळे पाहतात. आणि या वेळचें पाहणें निराळें असतें, कारण आतां प्रत्येकाची अब्रू त्या पेल्यांत अडकलेली असते. ज्योत जळत असेतों पाणी फारसें हालत नाहीं. उलट आरंभीं पेल्याच्या कडेखालून चार बुडबुडे बाहेर पडलेले कोणाच्या तरी नजरेस येतात. ज्योत विझते, आणि मग पाणी भराभर वर चढतें. जळणें थांबल्यावर कांहीं संपण्याचें कारणच उरलें नाहीं. मग पाणी चढलें कशानें? कोणी सुचवितें कीं, दोन मेणबत्त्या ठेवून पाहूं. पेला तोच, प्राणवायु तितकाच. तरी पाणी अधिक चढतें. शेवटीं कोणी तरी भीत भीत म्हणतें, "हवा तापली होती, ती निवाली असेल." लगेच गरम पाण्यानें विसळलेला पेला, मेणबत्तीवांचून, पाण्यावर उपडा ठेवून पाहण्यांत येतो, आणि कांहींहि जळालेलें नसतां तो जसजसा निवतो तसतसें पाणी वर चढतें.

येथें, आणि येथेंच, शिक्षकानें सांगण्याची वेळ येते. तो सांगतो कीं, हवेंत प्राणवायु शेंकडा सुमारें २१ असतो आणि तो शेंकडा १६ च्या आसपास उतरला कीं मेणबत्ती विझते. म्हणजे प्राणवायु संपत नाहीं, त्याचा मोठा भाग शिल्लकच राहतो. शिवाय मेण जळतांना तीन भाग प्राणवायु खर्च झाला तर सुमारें दोन भाग कार्बन डायॉक्साइड तयार होतो, आणि तो पाण्यांत हळूहळूच विरघळतो. हिशेब केला तर हवेचें खरोखर आटणें शंभरांत दोन भागांच्या आसपास भरतें. पाण्याची बाकीची चढण ही तापलेली, पसरलेली आणि कडेखालून निसटलेली हवा निवल्याची आहे. हीच माहिती तासाच्या आरंभीं सांगितली असती तर ती आणखी चार ओळींचें पाठांतर झाली असती. वादानंतर सांगितल्यामुळें ती निवाडा झाली. माहिती तीच, परंतु भुकेल्याच्या पानावर पडलेला भात आणि जेवून उठलेल्याच्या पानावर पडलेला भात यांत जो फरक, तो येथें आहे.

शाळेंत जें बी पेरलें जातें त्याचें पीक आम्हां महाविद्यालयांतील शिक्षकांच्या पदरीं येतें. पदार्थविज्ञान शिकविण्यांत माझें अर्धें आयुष्य गेलें, आणि साध्या लंबकाचा प्रयोग मी किती वेळां तपासला त्याची गणती नाहीं. दोऱ्याची लांबी मोजावयाची, वीस आंदोलनांचा वेळ घ्यावयाचा आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणजन्य त्वरण काढावयाचें. पुण्यासारख्या ठिकाणीं तें सुमारें ९.७८ आहे, परंतु पुस्तकांत ९.८ छापलेलें असल्यामुळें वर्गांतील प्रत्येकाचें उत्तर ९.८ च येतें. लांबी मोजतांना कोणाची पट्टी तिरपी झालेली नसते, घड्याळ दाबतांना कोणाचें बोट उशिरां पडलेलें नसतें. निसर्ग एवढा आज्ञाधारक कोठेंच नाहीं. आज्ञाधारक असतें तें जर्नल. उत्तर आधीं ठरतें, मग त्याला साजेशीं रीडिंगें लिहिलीं जातात, आणि तींहि पुष्कळदां मागल्या वर्षाच्या जर्नलांतून. या लबाडीबद्दल मी विद्यार्थ्यांना दोष देत नाहीं. "तुझें उत्तर ९.५ कां आलें?" असा प्रश्न जेथें कुतूहलानें कधींच विचारला जात नाहीं, दटावणीनेंच विचारला जातो, तेथें शहाणा मुलगा ९.५ लिहील तरी कशाला?

आपल्याकडे बारावीच्या परीक्षेंत पदार्थविज्ञानाच्या १०० गुणांपैकीं ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. ते बहुतेकांना भरघोस मिळतात, आणि बहुतेकांना ठाऊक असतें कीं ते कशाबद्दल मिळतात. ज्या दोन परीक्षांवर मध्यम वर्गाची सारी आशा खिळलेली, त्या जेईई व नीट या प्रवेशपरीक्षांना तर हातहि लागत नाहीं आणि तोंडहि लागत नाहीं; चार पर्यायांतून एक निवडला आणि कधीं एखादा आंकडा भरला कीं काम झालें. म्हणून मुलें दिवसभर क्लासांत बसतात, आणि प्रयोगशाळेचें दर्शन परीक्षेच्या तोंडावर आठ दिवस घेतात. वारीस न जातां प्रसाद घरपोंच मागविण्यासारखाच हा प्रकार आहे.

मुक्या प्रयोगशाळेचें वैफल्य ही कांहीं आमच्याच गरिबीची गोष्ट आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील नताशा होम्स आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनीं २०१८ सालीं एक विवेचन प्रसिद्ध केलें. तीन विद्यापीठीय संस्थांतील नऊ अभ्यासक्रमांत, प्रयोगशाळेचा तास घेतलेले आणि न घेतलेले विद्यार्थी यांची त्यांनीं तुलना केली. प्रयोगशाळा सुसज्ज होत्या, आणि व्याख्यानांत सांगितलेले सिद्धांत पक्के करणें हाच त्यांचा हेतु होता. परीक्षेंत त्या सिद्धांतांवरील प्रश्नांच्या उत्तरांत दोन्ही गटांमध्यें मोजण्याजोगा फरक आढळला नाहीं! जें ठाऊक आहे तेंच हातांनीं पुन्हां वदवून घेण्यांत श्रम जातात, पैसा जातो. बुद्धि आपली होती तेथेंच राहते.

याच्या उलट बाजूचा पुरावाहि आहे. रिचर्ड हेक या अमेरिकन प्राध्यापकानें १९९८ सालीं ६२ अभ्यासक्रमांतील साडेसहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या यंत्रशास्त्राच्या परीक्षा ताडून पाहिल्या. आरंभीं जेवढें येत नव्हतें त्यांपैकीं शेवटीं किती येऊं लागलें, हें त्यानें मोजलें. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत हा लाभ शेंकडा २३ होता. ज्या वर्गांत विद्यार्थी हातांनीं आणि डोक्यानें कामाला लागत आणि लगेच आपसांत व शिक्षकांशीं चर्चा करीत, त्या वर्गांत शेंकडा ४८. हार्वर्ड विद्यापीठांत एरिक माझुर यांनीं १९९१ च्या सुमारास जी रीत पाडली तीहि हीच: प्रश्न टाकावा, प्रत्येकानें आपलें उत्तर द्यावें, मग शेजाऱ्याला तें पटवून देण्याचा प्रयत्न करावा, आणि मग पुन्हां उत्तर द्यावें.

पण यांत नवल तें काय? आपल्या न्यायशास्त्रानें बोलण्याचे तीन प्रकार फार पूर्वींच वेगळे करून ठेवले आहेत. तत्त्व कळावें म्हणून करावयाचा तो वाद. जिंकावें म्हणून करावयाचा तो जल्प. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें नुसतें खोडीत बसावयाचें ती वितंडा. जल्प आणि वितंडा मुलांना शिकविण्याचें काम दूरदर्शन-वाहिन्यांनीं घरोघर हातीं घेतलें आहे. वाद शिकविण्यास योग्य अशी एकच जागा उरली होती, शास्त्राचा वर्ग. कारण तेथें पंच म्हणून एखादा पक्षपाती मनुष्य बसत नाहीं, परातींतलें पाणी बसतें. ती जागा आपण गप्प बसविली. ज्या मुलाला "माझें चुकलें, कारण पाणी विझल्यावर चढलें" असें चारचौघांत हंसत म्हणतां येतें, तें मुलगें पुढें मोठेपणीं अफवेला बळी पडणार नाहीं आणि बुवाच्याहि नादीं लागणार नाहीं. शास्त्रशिक्षणाचें खरें मोल हें आहे. सगळ्यांनीं शास्त्रज्ञ व्हावें हें नव्हे.

आतां आक्षेप. पहिला आक्षेप वेळेचा: "असें बोलत बसलों तर अभ्यासक्रम पुरा कसा व्हावयाचा?" अभ्यासक्रम पुरा होतो तो शिक्षकाचा; मुलाचा होतो कीं नाहीं, हें कोणी पाहिलें आहे? गाडी वेळेवर पोंचली, उतारू मागल्या स्टेशनावरच राहिले, यांत भूषण कसलें? दुसरा आक्षेप संख्येचा: "साठ मुलांच्या वर्गांत चर्चा म्हणजे बाजार." साठांनीं एकाशीं बोलावयाचें म्हटलें तर बाजार खराच, परंतु दोघां-दोघांनीं आपसांत दोन मिनिटें बोलावयाचें म्हटलें तर साठांतले तीस एकाच वेळीं बोलत असतात, आणि तो गलबला कामाचा असतो. तिसरा आक्षेप साहित्याचा. त्याचें उत्तर मेणबत्ती, परात आणि पेला यांनीं दिलेंच आहे. सरकारनें २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठीं शाळेमागें २० लक्ष रुपयांपर्यंत अनुदान दिलें. तें चांगलेंच झालें. पण "कशावरून?" हा शब्द विकत मिळत नाहीं, आणि तो नसेल तर वीस लक्षांची प्रयोगशाळा हें एक महागडें कपाट आहे.

चौथा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. "न्यूटनला जें सुचावयाला आयुष्य लागलें तें मुलांनीं चाळीस मिनिटांत बोलून बोलून शोधून काढावें काय?" नाहीं, आणि तसें म्हणणाऱ्यांचा पक्ष मी घेत नाहीं. इंग्लंडांत हेन्री आर्मस्ट्राँग (१८४८-१९३७) या रसायनशास्त्रज्ञानें मुलाला संशोधकाच्या जागीं बसविण्याची स्वयंशोधनाची पद्धति मोठ्या हिरिरीनें पुरस्कारिली होती. तिच्यांतील उत्साह घ्यावा, भाबडेपणा सोडावा. प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २१ आहे, हें मूल कितीहि भांडलें तरी भांडणांतून निघणार नाहीं. तें शिक्षकानेंच सांगितलें पाहिजे. प्रश्न सांगावें कीं सांगूं नये हा नाहीं. केव्हां सांगावें हा आहे. प्रश्नाच्या आधीं सांगितलेलें उत्तर हें उत्तरच नव्हे.

आणि हें सारें परदेशीय किंवा स्वप्नाळू आहे असें म्हणणाऱ्यांनीं शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावें. १९७२ सालीं होशंगाबाद जिल्ह्यांत (आज त्याचें नांव नर्मदापुरम्) किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं १६ सरकारी शाळांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत एक कार्यक्रम सुरू केला. मुलें चार-चारांच्या टोळ्यांनीं प्रयोग करीत. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असत, तयार उत्तरें नसत. निष्कर्ष वर्गाच्या चर्चेंतून निघे. परीक्षेंत पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण पुस्तकांत नकलून घेण्याजोगें उत्तरच नव्हतें; आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा खरीखुरी असे. 'सवालीराम' नांवाच्या एका कल्पित गृहस्थाला खेड्यापाड्यांतून मुलें पत्रें लिहून आपल्या शंका विचारीत. १९७८ मध्यें हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यांत पसरला. १९८२ सालीं स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेनें तो पुढें चालविला, आणि कालांतरानें सुमारें एक हजार शाळा त्यांत आल्या. हीं कांहीं श्रीमंतांचीं मुलें नव्हतीं, आणि शिक्षकहि बाहेरून आणलेले नव्हते. सरकारी शाळांतील नेहमींचेच होते.

२००२ सालीं राज्य सरकारनें हा तीस वर्षांचा कार्यक्रम बंद केला. त्या वेळीं जे आक्षेप निघाले त्यांत, मुलें पुढल्या परीक्षांत मागें पडतील, ही ओरड होतीच. कोणत्या परीक्षांत? ज्यांत पाठांतर लागतें त्यांत. पोहणाऱ्याला पोहण्याच्या पुस्तकावरील प्रश्नांत कमी गुण मिळतील, म्हणून त्याला पाण्याबाहेर काढावा, असाच हा न्याय झाला. कार्यक्रमांत उणिवा नव्हत्या असें नव्हे; पण त्या दुरुस्त करणें हा एक मार्ग होता आणि मुलांना पुन्हां गप्प बसविणें हा दुसरा. सोपा मार्ग स्वीकारण्यांत आला.

महाराष्ट्रांत आपण मुलाला गप्प बसविण्याचा आणखी एक उपाय काढला आहे, आणि त्याचें श्रेय सर्वस्वीं सुशिक्षित मध्यम वर्गाकडे जातें. मराठी माध्यमाच्या शाळांतून शास्त्र व गणित तेवढें इंग्रजींतून शिकवावयाचें, अशी ही 'सेमी-इंग्रजी' योजना. तिच्या समर्थनार्थ सांगतात कीं, पुढें संज्ञा इंग्रजीच येणार, तर त्या आतांच येऊं द्या. संज्ञांविषयीं माझा आग्रह नाहीं. खेड्यांतील मुलाला 'फोटोसिंथेसिस' जितकें परकें तितकेंच 'प्रकाशसंश्लेषण' परकें. दोहोंपैकीं कोणतेंहि घ्यावें. परंतु शास्त्राची भाषा ही संज्ञांची भाषा नव्हे. ती 'जर', 'तर', 'पण', 'समजा', 'तरीसुद्धां' आणि 'कशावरून' यांची भाषा आहे. आणि हे शब्द मूल ज्या भाषेंत अंगणांत भांडतें त्याच भाषेंत त्याच्या तोंडीं येतात. दहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी वाक्य पाठ म्हणतां येतें, इंग्रजींत शंका घेतां येत नाहीं. मास्तरांनाहि पुष्कळदां ती घेतां येत नाहीं. म्हणून दोघेहि पुस्तकांतील वाक्याचा आश्रय करतात, आणि शास्त्राचा तास संध्येसारखा होतो: मंत्र शुद्ध, अर्थ अज्ञात.

या मासिकाचे वाचक बहुतेक पालक आहेत, कित्येक शिक्षक आहेत. शाळा सरकारच्या धोरणानें चालतात हें खरें. पण पालकांना जें हवें असतें तें त्या अधिक तत्परतेनें देतात. आपण गुण मागितले, त्यांनीं गुण दिले. आपण इंग्रजी मागितली, त्यांनीं इंग्रजी दिली. मुलाचें तोंड उघडावें अशी मागणी आपण कधीं केलीच नाहीं. किंबहुना घरींहि "फार बोलूं नकोस" हेंच आपलें पहिलें शिक्षण. पुढच्या पालकसभेंत एखाद्यानें उभें राहून विचारावें, "गेल्या महिन्यांत शास्त्राच्या तासाला मुलें कोणत्या प्रश्नावर भांडलीं?" आणि परीक्षा घेणाऱ्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, तोंडी परीक्षा नांवाची एक वस्तु तुमच्या नियमांत अजून शिल्लक आहे. ती आज ठराविक पांच प्रश्नांच्या ठराविक पांच उत्तरांत दोन मिनिटांत आटोपते. ज्याचें उत्तर पुस्तकांत नाहीं असा एक लहानसा प्रयोग विद्यार्थ्यापुढें ठेवा, त्याला जें दिसलें तें सांगूं द्या, आणि "कशावरून?" असें विचारून त्याला आपल्या म्हणण्याचा कैवार घेऊं द्या. तीस गुणांपैकीं पंधरा जरी याला दिले तरी जर्नलें नकलण्याचा धंदा पहिल्याच वर्षीं अर्ध्यावर येईल.

हें होईपर्यंत प्रयोगशाळांचीं उद्घाटनें खुशाल होऊं द्यावीं, फिती कापल्या जाऊं द्याव्या. पण त्या खोलीच्या दारावर लावलेली "शांतता राखा" ही पाटी मात्र आधीं काढून टाकावी.